बॅकअप आणि कुरण

आमच्या कामात एक साधा नियम आहे: परत आणून पाहिला नाही, तोवर त्याला बॅकअप म्हणायचं नाही. पहिल्या नोकरीत एका रात्री डेटाबेस गेला, तेव्हा तो मी शिकलो. फाइली शाबूत होत्या. त्या चालवणारी जुनी यंत्रणा आम्हीच मोडीत काढली होती.

काळ्या पायांच्या फेरेटचा इतिहास वाचताना ती रात्र आठवते. उत्तर अमेरिकेतला हा मुंगसासारखा लांबट प्राणी संपला असंच मानलं जात होतं. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीट्सीजवळ एका कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला आणि त्यांची वस्ती सापडली. रोगराईने तीही संपत आली, तेव्हा उरलेले १८ पकडले. पुढची सारी प्रजा त्यांतल्या सातांचीच.

त्या अठरांतल्या विलाचा वंश टिकला नाही, पण १९८८ मध्ये तिच्या पेशी सॅन डिएगोत गोठवल्या होत्या. त्यांतून १० डिसेंबर २०२० रोजी एलिझाबेथ अ‍ॅन हा क्लोन जन्मला. तिला पिल्लं झाली नाहीत. दुसरा क्लोन, अँटोनिया, २०२४ मध्ये आई झाली. बॅकअप परत आला!

पण चालणार कशावर? फेरेट प्रेअरी डॉग खाऊन, त्यांच्याच बिळांत जगतो. गुरांचं गवत खातात म्हणून पशुपालकांनी आणि सरकारने या प्रेअरी डॉगना विष घातलं. प्लेगने आणखी मारले. पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये टिकतात. कुरण मात्र जमिनीवरच राखावं लागतं.