राजेरजवाड्यांची पत्रे आणि घरची पत्रे

इतिहासाच्या साधनांत फर्मान, तहनामा आणि खलिता यांना मानाचे पान मिळते. घरगुती खतांना तो मान क्वचितच लाभतो. त्यातही पत्रे एखाद्या चित्रकाराची असली, तर कलासमीक्षक त्यांतली रंगांची आणि शैलीची माहिती तेवढी उचलतात आणि बाकीचा मजकूर बाजूला ठेवतात. आमच्या मते हा बाकीचा मजकूरच कधीकधी त्या काळाची खरी ओळख करून देतो. फिलिप डी लास्लो या चित्रकाराचा पत्रव्यवहार हे त्याचे बोलके उदाहरण आहे. या माणसाला पत्रांनी वर चढवले, पत्रांनीच तुरुंगात नेले.

लास्लो यांचा जन्म ३० एप्रिल १८६९ रोजी बुडापेस्टमध्ये एका गरीब ज्यू शिंप्याच्या घरी झाला. घराण्याचे मूळ आडनाव लाउब. १८९१ साली त्यांनी लास्लो हे हंगेरियन नाव घेतले आणि पुढे ख्रिस्ती धर्मही स्वीकारला. लहान वयातच पोटासाठी काम करावे लागले. एका छायाचित्रकाराकडे फोटोंना रंग भरण्याचे काम त्यांनी केले आणि ते करता करता चित्रकला शिकली. पुढे बुडापेस्ट, म्युनिक आणि पॅरिस येथे रीतसर शिक्षण झाले. हात चांगला होता. पण नुसत्या हाताच्या जोरावर शिंप्याचा मुलगा राजवाड्यात पोचत नाही. त्याला कोणाची तरी शिफारस लागते, आणि त्या काळी शिफारस म्हणजे पत्र.

ही शिफारस करणारा माणूस त्यांना एलेक लिप्पिच यांच्या रूपाने भेटला. लिप्पिच हे हंगेरीच्या धर्म व शिक्षण खात्यातले अधिकारी होते आणि कलावंतांचे हितचिंतक होते. १८९४ साली बल्गेरियाचा राजपुत्र फर्डिनंड याचे चित्र काढण्याचे काम लास्लोंना मिळाले, त्यामागे त्यांचाच हात होता. लास्लोंनी त्यांना लिहिलेली अनेक पत्रे बुडापेस्टच्या राष्ट्रीय सेचेनी ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. एका दरबारातले काम नीट झाले की तिथली मंडळी दुसऱ्या दरबारात नाव सांगत. फर्डिनंडनंतर जर्मनीचे चान्सलर होएनलोहे झाले, आणि १९०० साली व्हॅटिकनमध्ये नव्वदीचे पोप तेरावे लिओ लास्लोंपुढे बसले. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. आपल्याकडे राजा रविवर्मांच्या बाबतीतही एका संस्थानाची वाट दुसऱ्या संस्थानाकडे अशीच निघत गेली होती. आश्रयदात्यांची दुनिया पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय, सारखीच चालते.

व्यक्तिचित्र म्हणजे चार बैठका आणि एक रंगवलेला कापड, असा सर्वसामान्य समज असतो. प्रत्यक्षात बैठकीच्या आधी आणि नंतर कागदांचा एक मोठा व्यवहार चालतो. चित्र पूर्ण उभे हवे की कमरेपर्यंत, पोशाख लष्करी की दरबारी, कोणते दागिने, किती मोबदला, बैठक चित्रकाराच्या घरी की गिऱ्हाइकाच्या वाड्यात, या साऱ्या गोष्टी पत्रांतून ठरत. चित्र घरी पोचले की दुसरा अध्याय सुरू होई. ओठ जमले नाहीत अशी पत्नीची तक्रार येई, नातेवाइकांना नक्कल हवी असे, प्रदर्शनासाठी चित्र परत मागावे लागे. चित्रकार जितका बड्या लोकांचा, तितकी त्याची लेखणी नरम असावी लागते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे १९०८ सालचे चित्र पाहा. ते करून घेतले आर्थर ली या इंग्रज राजकारण्याने, कारण रूझवेल्ट त्याचे मित्र होते. पैसे देणारा इंग्लंडात, बसणारा व्हाइट हाउसमध्ये, आणि चित्रकार जन्माने हंगेरियन. तिघांना एकत्र आणले ते ओळखींनी आणि पत्रांनी. लास्लो आपल्यासमोर बसलेल्यांच्या सह्या एका वहीत घेत असत. ती वही म्हणजे त्या काळच्या युरोपातल्या बड्या घराण्यांची हजेरीपटच होती.

१९०७ साली लास्लो कुटुंबासह लंडनला आले. मुहूर्त चांगला निघाला. जॉन सिंगर सार्जंट हा तिथला सर्वांत नामांकित व्यक्तिचित्रकार, आणि नेमका तोच त्या सुमारास सांगून केलेल्या व्यक्तिचित्रांना कंटाळून ते काम बंद करत होता. ती जागा लास्लोंनी भरून काढली. राजा सातवा एडवर्ड, जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म, सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स असे एकाहून एक मोठे लोक त्यांनी रंगवले. हिंदुस्थानातून परतलेले व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो हेही त्यांच्यापुढे बसले. १९०६ साली आगाखानांच्या नेतृत्वाखालील मुस्लिम शिष्टमंडळाला सिमल्यात भेटलेले ते हेच मिंटो. १९०९ साली एडवर्ड बादशहाने लास्लोंना किताब दिला आणि १९१२ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फ्रान्झ जोसेफ बादशहाने सरदारकी बहाल केली. दोन्ही दरबारांचा मान मिळाला. तेव्हा कोणाला त्यात काही वावगे दिसले नाही.

त्यांची पत्नी ल्युसी ही गिनेस घराण्याच्या बँकर शाखेतली मुलगी. ती व्हायोलिन वाजवीत असे. दोघांची भेट १८९२ साली म्युनिकमध्ये झाली होती. मुलीच्या घरच्यांना हा परदेशी, निर्धन चित्रकार पसंत नव्हता, म्हणून लग्नाला १९०० साल उजाडले. त्यांना पुढे पाच मुलगे झाले आणि ते इंग्रज मुले म्हणून वाढले.

१९१४च्या उन्हाळ्यात महायुद्ध पेटले. ऑगस्टच्या मध्यावर ब्रिटन आणि ऑस्ट्रिया-हंगेरी एकमेकांचे शत्रू झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस लास्लोंना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. त्यांच्या अर्जाची हमी घेणाऱ्यांत माजी पंतप्रधान आर्थर बाल्फोर होते. युद्धाच्या पहिल्या वर्षांत लास्लोंनी आघाडीवर निघालेल्या कितीतरी तरुण अधिकाऱ्यांची चित्रे घाईघाईने काढली. त्यांतले अनेक जण परतले नाहीत. मग त्या घरात चित्र हीच मुलाची शेवटची निशाणी उरे. अशा घरांशी चाललेल्या पत्रव्यवहारात मोबदल्याचा आणि आकाराचा विषय केव्हाच मागे पडलेला असे.

आता दुसऱ्या पत्रांकडे वळू. बुडापेस्टमध्ये लास्लोंची म्हातारी आई आणि भाऊ होते. ज्या मुलाने शिंप्याचे घर वर काढले, त्याच्याकडून त्या घराला पैसे जात. युद्धाने टपाल तोडले तेव्हा लास्लोंनी तटस्थ हॉलंडमधल्या ओळखीच्या लोकांमार्फत पत्रे आणि पैसे पाठवले. काही पत्रे डच सरकारच्या राजनैतिक टपालातून, म्हणजे सेन्सॉरची नजर चुकवून गेली. १९१७च्या उन्हाळ्यात छावणीतून पळालेला एक हंगेरियन युद्धकैदी त्यांच्या दारात आला. त्याच्या हातावर त्यांनी एक पौंड ठेवला आणि नंतर पोलिसांना वर्दी दिली.

२१ सप्टेंबर १९१७ रोजी त्यांना अटक झाली. देशसंरक्षण कायद्याखालच्या एका नियमाने, शत्रूशी संबंध असल्याच्या संशयावरून माणसाला खटल्याशिवाय डांबता येत असे, मग तो ब्रिटिश नागरिक का असेना. लास्लोंना आधी ब्रिक्स्टनच्या तुरुंगात आणि नंतर लंडनच्याच इस्लिंग्टन भागातल्या छावणीत ठेवले. त्यांच्या नागरिकत्वाची हमी घेणारे बाल्फोर तेव्हा ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते. अटकेला सहा आठवडे होत असतानाच, २ नोव्हेंबर १९१७ रोजी, पॅलेस्टाइनबद्दलचे त्यांचे ते प्रसिद्ध पत्र निघाले. एका मंत्र्याच्या छोट्याशा पत्राने एका मुलुखाचे भवितव्य बदलावे आणि एका मुलाने आईला धाडलेल्या पत्राने त्याची इज्जत जावी, हे दोन्ही एकाच मोसमात घडले.

आमच्या वाचकांना ही गोष्ट अनोळखी वाटणार नाही. त्याच युद्धात, १९१५च्या भारत संरक्षण कायद्याखाली मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली हे बंधू स्थानबद्ध झाले होते. त्यांचा बराच काळ छिंदवाड्यात गेला आणि सुटकेला १९१९चा डिसेंबर उजाडला. मौलाना आझादही रांचीत नजरकैदेत होते. अर्थात ही माणसे उघडपणे सरकारच्या विरोधात उभी होती आणि लास्लो तर सरकारदरबारी लाडके होते. दोन्हीकडे जोडणारा धागा एकच. भीतीच्या काळात केलेला कायदा, ज्यात शंका हाच पुरावा ठरतो.

लास्लोंनी नियम मोडला होता, हे कबूल केले पाहिजे. सेन्सॉर चुकवून पत्र धाडणे हा युद्धकाळात गुन्हाच होता, आणि तो करताना त्यांनी आपल्या बड्या ओळखींवर जरा जास्तच भरवसा ठेवला असावा. परंतु टपालाचा नियम मोडणे वेगळे आणि मुलखाशी दगा करणे वेगळे. या दोहोंमधले अंतर मोजायला सरकारला पावणेदोन वर्षे लागली.

कैदेत त्यांची तब्येत ढासळली, मन खचले. १९१८ साली त्यांना एका शुश्रूषागृहात हलवावे लागले. युद्ध थांबले तरी सुटका पुरी झाली नव्हती. १९१८च्या नव्या कायद्याने दिलेले नागरिकत्व काढून घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता. त्याखाली जून १९१९ मध्ये न्यायमूर्ती सॉल्टर यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे लास्लोंची चौकशी झाली. समितीपुढे प्रश्न होता तो त्यांच्या निष्ठेचा. जी पत्रे आरोप म्हणून मांडली गेली, ती वाचली तर त्यांत मुख्यतः आईची काळजी, भावाची अडचण आणि पैशांचा हिशेबच निघाला. समितीने त्यांना निर्दोष ठरवले आणि नागरिकत्व कायम राहिले.

या दिवसांत त्यांना खरा आधार होता ल्युसीचा. ती डायरी लिहीत असे, आणि नवऱ्याच्या पत्रांसोबत तिच्या त्या नोंदीही पुढच्या पिढ्यांनी सांभाळल्या. राजदरबारातून आलेली जाडजूड कागदाची, मुकुट छापलेली पत्रे माणसाच्या यशाची साक्ष देतात. कठीण वेळी कोण जवळ होते, हे मात्र घरच्या कागदांतून कळते.

पुढे लास्लो पुन्हा उभे राहिले. अमेरिकेत हार्डिंग, कूलिज आणि हूव्हर या तीन राष्ट्राध्यक्षांची चित्रे त्यांनी काढली. १९३३ साली सात वर्षांची राजकन्या एलिझाबेथ त्यांच्यासमोर बसली, जी नंतर ब्रिटनची राणी झाली. २२ नोव्हेंबर १९३७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. राजघराण्याने त्यांना पुन्हा बोलावले, यातच त्यांची अब्रू परत आल्याची पावती होती. परंतु तुरुंगात आणि शुश्रूषागृहात गेलेला काळ कोणत्याही पावतीने परत येत नाही.

ही हकिगत आम्ही इतक्या विस्ताराने का सांगितली, हे शेवटी सांगायला हवे. १९४७ नंतर मुंबईतल्या आणि कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत कोणाची बहीण, कोणाचा चुलता कराचीला होता. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत टपाल बंद पडले. मग आखातातल्या किंवा विलायतेतल्या एखाद्या नातलगाकडे खत धाडायचे आणि त्याने ते पुढे पाठवायचे, अशी वाट काढावी लागे. मजकूर काय असायचा? कोणाचा निकाह ठरला, कोणाचा इंतकाल झाला, अम्मीचे डोळे कसे आहेत. तेवढ्यासाठीही लिहिणाऱ्याच्या मनात धाकधूक असायची, कारण पाकिटावरचा पत्ता मजकुराच्या आधी वाचला जातो.

लास्लोंच्या गाठी बादशहांची शिफारसपत्रे होती आणि माजी पंतप्रधानाची हमी होती. तरीही त्यांना आपल्या निष्ठेचा हिशेब समितीपुढे द्यावा लागला. ज्यांच्या पदरी असे काहीच नसते, त्यांच्या पत्रांची बाजू कोण मांडणार? आमची एवढीच विनंती आहे की घराघरांतल्या जुन्या पेट्यांत अशी खते असतील, तर ती जाळू नयेत आणि रद्दीत घालू नयेत. तारीख लावून, कोणी कोणाला लिहिले ते नोंदवून जपावीत. आपण कोण होतो आणि कोणावर माया करत होतो, हे उद्या सांगणारा कागद त्यांच्याशिवाय दुसरा नसेल.