क्लिप लागल्यानंतर

23 मार्च 1937 रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या धमनीवरच्या फुग्याला, म्हणजे अॅन्युरिझमला, चांदीची क्लिप लावली. रुग्ण बरा झाला. हा इतिहास सांगणारे बहुधा इथूनच सुरुवात करतात. माझी उमेदीची वर्षं न्यूरो वॉर्डात नर्स म्हणून गेली, त्यामुळे मला खरा इतिहास क्लिप लागल्यानंतरचा वाटतो.

सगळेच फुगे क्लिपला सोपे नसतात. अडीच सेंटिमीटरच्या वरचा फुगा म्हणजे जायंट. त्याचं बूड रुंद, आत जुन्या रक्ताची गुठळी, आणि मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या त्याला चिकटलेल्या. त्यातली एखादी क्लिपमध्ये सापडली की अर्धं अंग लुळं. म्हणून अनेक सर्जन फुग्याला हात न लावता गळ्यातली कॅरोटिड धमनीच बांधत. लंडनला व्हिक्टर हॉर्स्ली यांनी 1885 साली तेच केलं होतं. 1950च्या दशकात सेल्व्हरस्टोन क्लॅम्प आला. स्क्रू थोडा थोडा पिळत काही दिवसांत धमनी बंद करायची; रुग्णाच्या हातातली ताकद कमी झाली तर लगेच सैल करायचा. पुढे कॅनडात चार्ल्स ड्रेक यांनी कवटीच्या आतल्या धमन्यांसाठीही टूर्निके बनवला, तोही रुग्ण जागा असताना आवळायचा. उपायातच माघारीची वाट ठेवणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

फुगा आधी फुटलेला असेल, तर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान मेंदूच्या धमन्या आकसतात. 1951 साली एकर आणि रीमेनश्नायडर यांनी ते अँजिओग्राफीत दाखवलं. काल बोलणारा माणूस आज गप्प होतो. नातेवाईक विचारायचे, “सिस्टर, ऑपरेशन तर छान झालं म्हणाले होते ना?” या प्रश्नाचं उत्तर देताना माझा आवाज कधीच स्थिर राहिला नाही. 1983 मध्ये या त्रासावरच्या निमोडिपिन या औषधाच्या चाचणीचे निकाल आले, आणि दर चार तासांनी, एकवीस दिवस, हा डोस वॉर्डाचा नेम झाला.

मला मात्र सगळ्यात मोठं वाटतं ते 1974 मध्ये ग्लासगोच्या टीस्डेल आणि जेनेट यांनी मांडलेलं शुद्धीचं मोजमाप: डोळे, बोलणं, हालचाल, तीन ते पंधरा गुण. “पेशंट जरा सुस्त वाटतोय” या बोलण्याला रात्री तीन वाजता वजन नसतं. “सर, तेराचे अकरा झालेत, डावी मूठ सैल आहे” म्हटलं की रेसिडेंट धावत यायचे, सीटी व्हायचा, रक्तदाब चढवला जायचा, आणि कितीतरी वेळा ती मूठ पुन्हा वळायची.