गुणधर्मावरून घातक कचऱ्याचे वर्गीकरण : विटा परिसरातील गलाई व्यवसायाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सांगली जिल्ह्यातील विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. यंत्रमागाप्रमाणेच गलाई व्यवसायासाठी हा परिसर ओळखला जातो. गलाई म्हणजे जुन्या, मिश्र सोन्या-चांदीचे शुद्धीकरण. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबांनी अवर्षणाला तोंड देत हा व्यवसाय पत्करला व ती देशभरातील सराफ पेठांत स्थिरावली. या स्थलांतराचा विचार बहुधा आर्थिक व सामाजिक अंगाने केला जातो. शुद्ध धातू हाती आल्यानंतर मागे काय उरते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. घातक कचरा ओळखण्याची कायदेशीर पद्धत कशी बदलत गेली आणि त्या बदलाचा गलाई कारागिराशी कोणता संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गलाईची प्रक्रिया व तिचे अवशेष

धातुशोधनाची परंपरा प्राचीन आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त अशुद्ध सोने चौपट शिसे घालून शुद्ध करण्याचा विधी आढळतो. तापलेल्या शिशाचे ऑक्साइड बनते व ते हलके धातू स्वतःत ओढून घेते. आम्लाच्या पद्धतीत सोन्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून तो मिश्रधातू नायट्रिक आम्लात, म्हणजे कारागिरांच्या भाषेत तेजाबात, टाकतात. चांदी विरघळते, सोने तळाशी राहते आणि तांबूस-तपकिरी धूर निघतो. हा धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. फुप्फुसांवरील त्याचा गंभीर परिणाम कित्येकदा काही तासांनी प्रकट होतो. त्यामुळे कारागीर गाफील राहतो.

द्रावणातील चांदी परत मिळविण्यासाठी त्यात तांब्याचे पत्रे ठेवतात. चांदी खाली बसते व तांबे विरघळते. रासायनिक हिशेबाने 1 किलो चांदीमागे सुमारे 295 ग्रॅम तांबे द्रावणात जाते. शेवटी निळे, आम्लयुक्त पाणी उरते.

व्यवसायाची स्वतःची वर्गवारीही होती. सोनाराच्या दुकानातील राख व माती धुऊन त्यातील धातूचे कण वेगळे करणारे झारेकरी हे तिचे उत्तम उदाहरण होय. अवशेषातून काय मिळेल, हा त्या वर्गवारीचा निकष होता. ज्यातून काही मिळणार नाही, ते निरुपयोगी ठरे आणि निरुपयोगी ते निरुपद्रवी, असा समज सहज रूढ होई.

कायदेशीर वर्गीकरणाचा विकास

अमेरिकेत 1976 च्या कायद्यानुसार 1980 मध्ये जे नियम झाले, त्यांत घातक कचऱ्याचे चार गुणधर्म निश्चित करण्यात आले : ज्वालाग्राहिता, क्षरणकारिता, अभिक्रियाशीलता व विषारीपणा. जलीय कचऱ्याचा सामू 2 किंवा त्याहून कमी, अथवा 12.5 किंवा त्याहून अधिक असल्यास तो क्षरणकारी मानला गेला. 1989 मध्ये स्वीकृत व 1992 मध्ये अमलात आलेल्या बाझल करारानेही धोकादायक गुणधर्मांची स्वतंत्र सूची दिली.

भारतात 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर 1986 चा पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला व त्याखाली 28 जुलै 1989 रोजी घातक कचऱ्याचे पहिले नियम लागू झाले. त्यांत कचऱ्याचे 18 प्रकार व प्रत्येकाची वार्षिक मर्यादा दिली होती. शिसे, तांबे इत्यादींच्या पाण्यात विरघळणाऱ्या संयुगांसाठी ही मर्यादा शुद्ध धातूच्या हिशेबाने वर्षाला 10 किलो होती. वरील प्रमाण लावल्यास केवळ 34 किलो चांदीच्या शुद्धीकरणात ती गाठली जाते. आठवड्याला 1 किलो चांदी शुद्ध करणारी लहान खोलीही वर्षात सुमारे 15 किलो तांबे पाण्यात सोडील. म्हणजेच मर्यादा कारागिराच्या आवाक्याबाहेरची नव्हती. परंतु ती लागू होते की नाही हे ठरविण्यासाठी वर्षभराची नोंद आवश्यक होती.

2000 च्या दुरुस्तीने उद्योगप्रक्रियांची यादी व घटकांच्या प्रमाणाचे वर्ग आणले. 2008 मध्ये नवे नियम झाले. 4 एप्रिल 2016 च्या नियमांतही प्रक्रियांची यादी आहे. तिच्या जोडीला निक्षालनातून उतरणारे घटक, एकूण प्रमाण आणि धोकादायक गुणधर्म अशा तीन कसोट्या आहेत.

गुणधर्माच्या कसोटीचे महत्त्व

प्रक्रियांच्या यादीत कारखाना मध्यवर्ती असतो. गुणधर्माच्या कसोटीत प्रत्यक्ष पदार्थ. गलाईचे उरलेले आम्ल क्षरणकारी आहे, हे सामू-कागदाच्या पट्टीवरून जागेवरच कळू शकते. चुन्याने ते उदासीन केले तरी तांबे नाहीसे होत नाही, ते गाळात उतरते. अशा वेळी निक्षालनाची कसोटी उपयोगी पडते. शिशाचा अवशेष हात भाजत नाही, परंतु तो विषारी आहे. सायनाइडयुक्त पाण्यात आम्ल मिसळल्यास प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो; चांदीच्या द्रावणात अमोनिया घालून ते तसेच ठेवल्यास स्फोटक पदार्थ बनू शकतो. हे धोके एकाच वर्गात कोंबता येत नाहीत, कारण प्रत्येकापासून बचावाची रीत निराळी आहे.

समारोप

घातक कचऱ्याच्या वर्गीकरणाचा इतिहास हा 'कोठून आला' या प्रश्नाकडून 'काय करू शकतो' या प्रश्नाकडे झालेला प्रवास आहे. मोठ्या कारखान्यासाठी पहिला प्रश्न पुरेसा ठरू शकतो. परगावी भाड्याच्या खोलीत भट्टी लावणाऱ्या कारागिरासाठी दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. सोन्याचा कस डोळ्यांनी व अनुभवाने ओळखणाऱ्या या कारागिराला उरलेल्या पाण्याचा कस ओळखणे अवघड नाही. ते ज्ञान त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचविणे हे या परिसरातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र व इतिहास विभागांना संयुक्तपणे करता येण्याजोगे कार्य आहे.