हरवलेल्या जागेचे आख्यान

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या रंगभूमीवर एक विलक्षण नाट्यप्रकार अवतरला. सॅम्युएल बेकेट यांचे ‘वेटिंग फॉर गोदो’ १९५३ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आले. उजाड रस्त्यावर, एका झाडापाशी दोन भणंग माणसे गोदो नावाच्या कुणाची तरी वाट पाहतात; तो येत नाही. कथानक एवढेच. दुसऱ्या अंकात त्या निष्पर्ण झाडाला चार पाने फुटतात. ती आशा म्हणावी की थट्टा, हे नाटककार सांगत नाही. मार्टिन एस्लिन यांच्या १९६१ सालच्या ग्रंथाने अशा नाटकांसाठी ‘ॲब्सर्ड’ हे नाव रूढ केले. मराठीत त्यांना ‘न-नाट्य’ असेही म्हटले गेले.

हे सारे परके, आपल्या मातीशी त्याचा संबंध काय, असा आक्षेप घेतला जातो. सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ त्याला उत्तर देते. हे नाटक १९७४ साली पुण्यात रंगभूमीवर आले. चाळीत राहणारे भाऊराव मरण पावतात; पण त्यांचे प्रेत स्वस्थ पडून राहत नाही. ते कीर्तनाच्या ढंगात आपल्याच मरणाचे आख्यान लावते. आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे, हा त्याचा हट्ट. आणि ते स्मशान तर बंद झालेले!

या कीर्तनाचे मोल कळण्यासाठी पुण्याहून बारामतीस जावे लागेल. मोरोपंत (१७२९-१७९४) यांनी कऱ्हाकाठच्या या गावी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने काव्यरचना केली. अवघे महाभारत आर्यांत उतरविले. त्या आर्या पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनकारांच्या मुखी राहिल्या. सांगणारा आणि ऐकणारे दोघांनाही कथेच्या शेवटी अर्थ आहे याची खात्री, हाच कीर्तनाचा पाया होय. आळेकरांनी चाल तीच ठेवली आणि ती खात्री तेवढी काढून घेतली. म्हणूनच प्रेक्षक हसतो आणि हसता हसता अस्वस्थ होतो.

बंद स्मशानाचे प्रतीकही केवळ शहरी नव्हे. शेजारच्या इंदापूर तालुक्यात पाहावे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि नदीकाठची गावठाणे, शेते व देवळे जलाशयात गेली. पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर पाणी खूप ओसरले की अजूनही वर दिसते. धरणाने शिवारे हिरवी केली, हे खरेच. पण पूर्वजांची जागा पाण्याखाली गेल्यावर माणसाने आपले मूळ कोठे दाखवावे? आळेकरांचे नाटक या तालुक्याविषयी नाही, धरणाच्या पूर्तीपूर्वीचेही आहे. तरीही भाऊरावांचा हट्ट येथे वेडेपणाचा वाटत नाही.

बेकेटच्या माणसांना कुणाची वाट पाहावी हे ठाऊक आहे, पण तो कोण हे ठाऊक नाही. भाऊरावांना कोठे जायचे ते नेमके ठाऊक आहे. ती जागाच उरलेली नाही. तेथे अज्ञाताची प्रतीक्षा, येथे परिचिताचा वियोग. मराठी न-नाट्याचे वेगळेपण मला यात दिसते.

अर्थ निघून गेल्यावरही रीत मागे उरते. आपल्या घरच्या अंत्यविधीत पाठ झालेली वाक्ये आपण उच्चारतो, तेव्हा मन तेथे असते काय? हा प्रश्न जिवंतांना विचारण्यासाठी नाटककाराला एका मृताला बोलते करावे लागले.