करवीर नगरी आणि गणिताची पदवी

पदवीसाठी गणित घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आज कोल्हापूर सोडण्याचे प्रयोजन उरलेले नाही. परंतु ही सोय या नगरीस फार विलंबाने लाभली, आणि तत्पूर्वी येथील बुद्धिमान मुलांना गणिताचा पाया घरी घालून त्यावरील इमारत परमुलखात उभारावी लागली.

युरोपच्या प्रवासात १८७० साली फ्लॉरेन्स येथे अकाली निवर्तलेल्या छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने संस्थानात १८८० साली महाविद्यालय सुरू झाले. ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. अभ्यासक्रम तेथून येई आणि सनदही तेथूनच मिळे. आरंभी मात्र येथील अध्यापन पदवीपर्यंत पोहोचत नव्हते. म्हणूनच कागल व कोल्हापूर येथे शिकलेले गोपाळ कृष्ण गोखले, ज्यांचे वडील बंधू गोविंदराव कागलच्या नोकरीतील पंधरा रुपयांच्या दरमहा वेतनातून आठ रुपये त्यांच्या शिक्षणासाठी काढून देत, प्रीव्हियसची परीक्षा देऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली बी.ए. झाले. कोल्हापुरास रेल्वे आली ती १८९१ साली. तेव्हा त्या काळी पुण्यास शिकावयास जाणे म्हणजे घाट उतरून-चढून करावयाचा सडकेचा प्रवास होता, आणि तोही बेताच्या खर्चीत. गोखल्यांनी पुढे पुण्यात गणित शिकविले आणि अंकगणिताचे पाठ्यपुस्तक सिद्ध केले, ही गोष्ट त्यांच्या राजकीय कीर्तीपुढे झाकोळून गेली आहे. १९०२ सालच्या अर्थसंकल्पावरील भाषणात सरकारी शिलकीचा हिशेब त्यांनी ज्या काटेकोरपणे तपासला, त्यात मला हा गणिताचा अध्यापकच बोलताना दिसतो.

पुढील पिढीत वाट आणखी लांबली. कोल्हापुरात १९०८ साली जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली बी.एस्सी. झाले, केंब्रिज येथे रँग्लर ठरले, खगोलशास्त्रातील टायसन पदकाचे मानकरी झाले, आणि पंडित मालवीयांच्या निमंत्रणावरून काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख झाले. त्यांचे चिरंजीव जयंत यांचा जन्मही १९३८ साली कोल्हापुरातच झाला. पित्याचेच ते पदक पुढे पुत्रासही मिळाले. संख्याशास्त्रज्ञ वसंतराव हुजूरबाजार, ज्यांनी केंब्रिज येथे हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले, तेही कोल्हापूरचेच. एका मध्यम आकाराच्या संस्थानी राजधानीने एवढी गणिती माणसे द्यावीत, हे केवळ योगायोगाने घडत नाही; शाळेतील कसून घेतलेली तयारी आणि विद्येविषयी घराघरांत असलेली आस्था यांचे ते फळ होय, असे माझे मत आहे.

संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, डॉ. आप्पासाहेब पवार त्याचे पहिले कुलगुरू. तेव्हापासून गणिताच्या पदवीवर कोल्हापूरची स्वतःची मुद्रा उमटू लागली, आणि शिरोळ-गडहिंग्लजच्या शेतकऱ्याच्या मुलासही परगावच्या खर्चावाचून ती मिळविता येऊ लागली.

या दीर्घ वाटचालीचा पुरावा दप्तरांत थोडा आणि जुन्या घरांत अधिक असावा. ज्यांच्या माळ्यावर आजोबांच्या गणिताच्या वह्या, प्रश्नपत्रिका वा प्राध्यापकांची पत्रे पडून असतील, त्यांनी ती रद्दीत न देता एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे सुपूर्त करावीत.