बेसवरचा ड्युको

साठीच्या दशकातल्या एका फेंडर बेस गिटारचा उडालेला रंग जुळवायचा म्हणून मी जुने रंगतक्ते चाळत होतो. ‘फिएस्टा रेड’ या नावापुढे लिहिलं होतं: ड्यु पाँट ड्युको २२१९-एच. ड्युको! म्हणजे आपला सुतार विचारतो तोच. “साहेब, सनमायका लावायचा की ड्युको मारायचा?” घरात फर्निचरचं काम काढलेल्या बहुतेकांनी हा प्रश्न ऐकलेला असतो. कपाटाच्या दारावर गनने चढतो तो ड्युको आणि कॅलिफोर्नियातल्या बेसवर चढला तो ड्युको यांचं घराणं एकच आहे, हे त्या क्षणी लक्षात आलं आणि तेव्हापासून मी त्याच्या मागे आहे.

बेसचा इतिहास थोडक्यात असा. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी तिशीच्या दशकातच विजेवरचा, आडवा धरायचा बेस केला होता, पण तो चालला नाही. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला, १९५७ मध्ये त्याचं रूप पालटलं, १९६० मध्ये जॅझ बेस आला. १९६५ च्या जानेवारीत कंपनी सीबीएसने विकत घेतली आणि पुढे काही वर्षांत रंगकामही पॉलिएस्टरवर गेलं. जुन्या बेसला हात घालणारे ज्याच्यासाठी जीव टाकतात, तो रंग त्याआधीचा.

तो रंग मुळात बारूदखान्यातला. कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणातून काढला की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. त्यात नायट्रोजन जास्त राहिला तर तो ‘गनकॉटन’, तोफांमधला बिनधुराचा दारूगोळा. कमी ठेवला आणि द्रावकात विरघळवला तर त्याचं लॅकर होतं. बासेलच्या शोनबाइन यांनी १८४६ मध्ये गनकॉटन जाहीर केलं. सांडलेलं आम्ल बायकोच्या एप्रनने पुसलं, एप्रन वाळत घातला आणि तो भडकून नाहीसा झाला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. असेलही. मला ड्यु पाँट जास्त महत्त्वाची वाटते. १८०२ पासून बारूद करणाऱ्या या कंपनीने पहिल्या महायुद्धात बिनधुराची दारू प्रचंड प्रमाणात पुरवली. युद्ध संपलं आणि नायट्रोसेल्युलोजचे कारखाने ओस पडायची वेळ आली. त्याच सुमारास जनरल मोटर्समध्ये ड्यु पाँटचा मोठा पैसा गुंतलेला होता, आणि मोटारीचं घोडं रंगापाशी अडलं होतं. तेलाच्या रंगाने मोटार रंगवली की वाळायला आठवडे लागत.

नायट्रोसेल्युलोजचं द्रावण तोवर इतकं घट्ट व्हायचं की फवारता यावं म्हणून भरपूर द्रावक ओतावा लागे, आणि वाळल्यावर हाती उरायचा तो पापुद्रा. ते पातळ ठेवूनही भरगच्च थर देण्याची युक्ती ड्यु पाँटला साधली आणि १९२३ मध्ये ड्युको बाजारात आला. ‘ड्यु पाँट’ आणि ‘कंपनी’ यांच्या आद्याक्षरांतून हे नाव जुळवलं असावं, असं मी धरून चालतो. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो निळ्या रंगात झळकला. आठवड्यांचं काम तासांवर आलं. याच नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळला की सेल्युलॉइड. त्याच्याच फिल्मवर फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ उतरवला, आणि २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्स जळाल्या तेव्हा याच पदार्थाने आपला मूळ स्वभाव दाखवला. साठीच्या सुरुवातीच्या बेसवर ओरखडे अडवायला बसवलेलं पिकगार्डही सेल्युलॉइडचंच असे. म्हणजे रंग आणि पिकगार्ड ही सख्खी भावंडं.

आता खरा वाद. मोटारीचा रंग बेसवर का आला? फेंडरचे मानाचे रंग जवळजवळ सगळे मोटारींचे आहेत. लेक प्लॅसिड ब्लू १९५८ च्या कॅडिलॅकचा, सर्फ ग्रीन १९५७ च्या शेव्हरोलेचा, फोम ग्रीन १९५६ च्या ब्युइकचा, फिएस्टा रेड १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा. रूढ उत्तर असं की दक्षिण कॅलिफोर्नियात समुद्र, सर्फिंग आणि सजवलेल्या मोटारी यांची हवा होती आणि फेंडरने ती पकडली. मला हे पटत नाही. फॅशन पकडणारा माणूस यंदाचा रंग घेतो. १९६० च्या आसपास छापलेल्या फेंडरच्या तक्त्यात १९५६ चे रंग कशाला असतील? तीन-चार वर्षांपूर्वीचे रंग कुठे असतात? ठोकलेल्या गाड्या पुन्हा रंगवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात. तिथे जुन्या गाड्यांचे रंग क्रमांकानिशी मिळतात. नंबर सांगा, डबा घ्या. फेंडरच्या कारखान्यात गन, थिनर आणि लॅकर आधीपासून होतंच, पुठ्ठ्यावर रंग जुळवत बसणारा माणूस पोसायची गरज नव्हती. पन्नाशीच्या दशकातच फेंडरच्या छापील माहितीत ५ टक्के जादा देऊन ड्यु पाँटच्या ड्युकोतला आवडीचा रंग मागवायची सोय दिलेली आहे. म्हणजे गिऱ्हाइकापुढे ड्यु पाँटचं अख्खं पुस्तकच ठेवलं होतं. तक्ता नंतर आला.

माझ्या म्हणण्याला छेद देणारे पुरावेही आहेत. शोअरलाइन गोल्ड १९५९ च्या पाँटियाकचा आणि बर्गंडी मिस्ट १९५९ च्या ओल्डस्मोबिलचा. हे ताजे होते. त्याहून अवघड आहे कँडी अ‍ॅपल रेड. तो कुठल्याच कारखान्याच्या यादीत नाही. चंदेरी किंवा सोनेरी थरावर पारदर्शक लाल देण्याची ही रीत मोटारी सजवणाऱ्यांची, आणि तिचं श्रेय जो बेलन यांना देतात. इथे मला सजवलेल्या मोटारींचं ऋण मान्य करावंच लागतं. पण हा रंग १९६३ च्या सुमाराचा, उशिरा आलेला. सुरुवात डब्यानेच झाली, यावर मी ठाम आहे.

फिएस्टा रेडचा दावा मात्र फेंडरच्या घरातूनच येतो. लिओंचे जवळचे सहकारी जॉर्ज फुलर्टन सांगत की पन्नाशीच्या अखेरीस ते रंगाच्या दुकानात गेले आणि आपल्या डोळ्यांदेखत लाल रंग मिसळून घेतला. पुढे तोच फिएस्टा रेड झाला. थंडरबर्डवाले म्हणतात, रंग तर फोर्डचा. मला दोन्ही खरं वाटतं. फुलर्टन दुकानात उभे राहिले असतील, हाताने दाखवत ‘थोडा अजून केशरी’ म्हणाले असतील, आणि दुकानदाराने त्याच्या पुस्तकातला जवळात जवळचा नंबर काढला असेल. दुकानदार असंच करतो. नवीन गुणोत्तर बसवण्यापेक्षा तयार नंबर सोपा.

हे सगळं दुरुस्तीच्या टेबलावर फार उपयोगी पडतं. नायट्रोचा पारदर्शक वरचा थर कालांतराने पिवळा पडतो, म्हणून सॉनिक ब्लू फिकट हिरवा दिसतो आणि लोक त्याला सर्फ ग्रीन समजून फसतात. ऑलिम्पिक व्हाइट सायीसारखा होतो. पिकगार्डचे स्क्रू काढून ते उचललं की खाली उजेड न लागलेला मूळ रंग सापडतो. तो आणि बाहेरचा रंग शेजारीशेजारी पाहिले की नंबर ठरवता येतो. कधी रंगाखाली कडेकडे गडद होत जाणारा सनबर्स्टही निघतो, कारण तयार सनबर्स्टवरच रंग मारून देण्याची पद्धत होती. तेव्हा सनबर्स्ट दिसला म्हणून वरचा रंग नकली, असा घाईचा निवाडा देऊ नये. निळसर अतिनील दिव्याखाली जुना थर पिवळट-हिरवा उजळतो आणि नंतर लावलेलं ठिगळ वेगळं उठून दिसतं.

आणि खरी गंमत टवका भरण्यात आहे. पॉलिएस्टर एकदा वाळलं की थिनरला जुमानत नाही. नायट्रो आयुष्यभर थिनरने पुन्हा विरघळतं. बारीक काडीच्या टोकावर रंग मिसळलेल्या लॅकरचा थेंब घ्यायचा आणि टवक्यात सोडायचा. थेंब कडेच्या जुन्या थराला मऊ करतो, त्यात मुरतो. दुसऱ्या दिवशी तो आक्रसून खाली बसलेला असतो, मग पुन्हा थेंब. पृष्ठभागाच्या किंचित वर आला की थांबायचं, काही आठवडे तसाच ठेवायचा, कारण द्रावक हळूहळू उडत राहतो आणि लॅकर आक्रसत राहतं. नंतर पाण्यात भिजवलेल्या बारीक वॉटर पेपरने सपाट करायचं, शेवटी रबिंग कंपाऊंड. जुन्या थराला गेलेले बारीक तडे मात्र भरू नयेत. लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या वेगाने फुगतात-आक्रसतात, त्यातून ते पडलेले असतात. ते मिटवले की संग्राहक पुनर्रंगकामाचा संशय घेतात आणि किंमत उतरते.

सध्या माझ्यापुढचा पेच साधा आहे. ठिगळ पिकगार्डखालच्या रंगाशी जुळवायचं की बाहेरच्या? आतला खरा २२१९-एच, पण तो पुढच्या भागावर लावला तर डाग पडल्यासारखा दिसतो. म्हणून मी आधी आतल्या रंगाचा नमुना जुळवतो, आणि मग वरच्या लॅकरमध्ये पिवळट-तपकिरी छटेचे थेंब मिसळून बाहेरचं वय चढवतो. रंग १९५६ चा, पिवळेपणा पुढच्या दशकांचा. दोन्ही वेगवेगळ्या थरांत दिले तरच जुळतात.