चित्रे वाहून नेणारी माणसे

गेल्या उन्हाळ्यात कारेलीबागेतील आमच्या एका शेजाऱ्यांनी प्रवासाला निघण्यापूर्वी एक प्रयोग केला. निजण्याबसण्याची सोय असलेल्या त्यांच्या मोटारीच्या कडेला त्यांनी पांढरी चादर ताणली, ओंजळीत मावेल एवढे यंत्र स्टुलावर ठेवले, आणि अंधार पडताच चादरीवर चित्रे हलू लागली. एका मुलाने मला विचारले, "सर, असे पूर्वी कोणी केले नसेल, नाही?" त्याला दिलेले उत्तर आज आपणांस सांगतो.

सुरतेस १८८४ साली जन्मलेले अब्दुलअली युसुफअली १९०१ पासून १९०७ पर्यंत तंबू आणि चित्रपट घेऊन आग्नेय आशियात हिंडले. पुढे १९१४ पर्यंत हिंदुस्थानात. त्यांचा तंबू शंभर फूट लांब व पन्नास फूट रुंद होता, आणि त्यात सुमारे हजार माणसे बसत. पुढे ते अर्देशिर इराणींचे भागीदार झाले. १९३१ साली पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' निर्माण करणारे ते हेच इराणी.

दादासाहेब फाळक्यांची हकीकत तर आपल्या बडोद्याशी निगडित आहे. छायाचित्रणाचे धडे त्यांनी येथल्या कलाभवनात गिरवले. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहताना, आपले राम-कृष्ण असे पडद्यावर केव्हा दिसतील, हा ध्यास त्यांनी घेतला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. पण गावोगावी चित्रगृहे कोठे होती? तेव्हा यंत्र, पडदा आणि रिळे बैलगाडीत घालून फाळके स्वतःच प्रेक्षकांकडे निघाले.

बैलगाडीची जागा पुढे मालमोटारीने घेतली. महाराष्ट्रातील जत्रांतून तंबूचे सिनेमे उभे राहू लागले. यंत्र मोटारीतच बसवलेले असे. समोर तंबू उभारायचा आणि झरोक्यातून प्रकाशाचा झोत पडद्यावर सोडायचा. जुन्या यंत्रांत दोन कोळशाच्या कांड्यांमधील विजेच्या ज्वाळेचा उजेड असे. कांड्या जळून आखूड होत, की चालकाने त्या पुढे सरकवायच्या; डुलकी लागली, की पडद्यावरचा नायकही अंधारात! जत्रा पांगली, की तंबू गुंडाळून पुढचे गाव गाठायचे. त्या माणसांचे घर आणि दुकान एकच: ती मोटार.

रिळे गेली, संगणकी यंत्रे आली, घरोघरी पडदे झाले. तसे हे तंबू विरळ झाले. २०१६ साली 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाने महाराष्ट्रातील या फिरस्त्यांची मावळती दुनिया टिपून ठेवली.

चित्रपटाच्या इतिहासात निर्मात्यांची नावे ठळक अक्षरांत येतात, आणि ते योग्यच आहे. तथापि चित्र निर्माण होणे हे अर्धेच काम; ते माणसांपर्यंत पोचणे हे उरलेले अर्धे. फाळक्यांनी दोन्ही केले, म्हणून ते स्मरणात राहिले. ज्यांनी दुसरे अर्धेच केले, त्यांची नावे तंबूच्या खुंटांबरोबर उपटली गेली.

तो मुलगा हे ऐकून क्षणभर गप्प राहिला. मग त्याने चादरीचे सुटलेले टोक पुन्हा घट्ट बांधले.